काळे केस पुन्हा पांढरे करताना

डागमास्तरांनी आयुष्यात एकदाच केस काळे केले, एका शनिवारी संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून ते तो रंग काढायच्या मागे लागले.

सोमवारी ते लॉन्ड्रीत शिरले तेव्हा प्रेसवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कुठलं स्थळ बघून आलात, असं त्याने विचारलं. मुलीकडचे या वयात पगार विचारतात की रक्तदाब, हेही विचारलं. आसपासचे सगळे हसले. डागमास्तर हसले नाहीत. त्यांनी ॲप्रन बांधला, बाटल्यांच्या फळीवर नजर फिरवली आणि रंग उतरवायची पावडर कुणी हलवली का, असं विचारलं.

"का? परत कुणाच्या चादरींना मोज्याचा रंग लागला?"

"नाही," ते म्हणाले. "डोक्याला."

लॉन्ड्री मोठी आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, समारंभाचे सूट असं सगळं तिथे येतं. मशीनमध्ये जे निघत नाही ते मागच्या बाजूला, बॉयलरच्या भिंतीला लागून असलेल्या टेबलावर जातं. टेबलावर एक दिवा, बाजूला वाफेची नळी, एक मऊ ब्रश, एक राठ ब्रश. शाई, रक्त, गंज, लिपस्टिक, आणि घरी सांगता येणार नाहीत असेही डाग. डागमास्तर काही विचारत नाहीत. बोटांनी कापड चाचपतात, नाकाशी नेतात, दिव्याखाली धरतात. मग आतल्या शिवणीवर, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, औषधाचा एक थेंब टाकून थांबतात. शिवणीचा रंग टिकला तरच पुढे हात लावतात. आधी कापड बघायचं, मग डाग, असं ते नव्या माणसांना सांगत आले. डाग राहिला तर गिऱ्हाईक कुरकुरतं, पण कपडा त्याच्या हातात तरी असतो.

घरी ते एकटे असतात. दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. या खोल्या मुळात अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या. आई लवकर गेली. अप्पा एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी होते, त्यामुळे दिवसा झोपायचे. घरात आवाज करायचा नाही आणि ताटात काही टाकायचं नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर त्यांचा कटाक्ष. बाकी सगळं ताईकडे आलं. ताई भावापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी. बारक्याला शाळेत सोडणं, त्याच्या पाठीला साबण लावणं, ताप आला की कपाळावर घड्या ठेवणं. बारक्या म्हणजे हेच डागमास्तर. ताईने लग्न केलं नाही. पुढे यांनीही केलं नाही, आणि त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. अप्पा गेल्यावर बहीण-भाऊ त्याच खोल्यांत राहिले. ती शिलाई करायची, हे लॉन्ड्रीत जायचे. दोघांची वर्षं अशी, एकमेकांच्या आड न येता, निघून गेली.

मग ताई विसरायला लागली. आधी चष्मा, मग भाजीत मीठ, मग शेगडीवर भाजी ठेवली आहे हेच. एकदा ती गॅस चालू ठेवून घराबाहेर पडली आणि दोन चौक पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर सापडली. अप्पा उठायच्या आत घरी पोचायला हवं, असं ती दुकानदाराला सांगत होती. अप्पांना जाऊन तेव्हा निम्मं आयुष्य उलटलं होतं. त्यानंतर डागमास्तरांनी तिला एका शुश्रूषागृहात ठेवलं. 'ठेवलं' हा शब्द ते वापरत नाहीत. ताई हल्ली तिकडे असते, असं म्हणतात.

दर रविवारी ते बसने तिकडे जातात. सुरुवातीला ती त्यांना ओळखायची, कधी लगेच, कधी जरा वेळाने. मग एका रविवारी ते दारात उभे राहिले तेव्हा ती पलंगावरून उठली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या आणि म्हणाली, "अप्पा, या. आज उशीर झाला."

यात तिची फारशी चूक नव्हती. अप्पांचे केस लवकर पांढरे झाले होते आणि ते मागे फिरवायचे. डागमास्तरांचेही तसेच झाले, आणि तेही मागेच फिरवतात. दाढी करताना त्यांना स्वतःलाही कधीकधी आरशात अप्पा दिसायचे. एक-दोनदा त्यांनी तिची चूक दुरुस्त करून पाहिली. ती इतकी गोंधळली, इतकी ओशाळली, की त्यांनी तो नाद सोडला. अप्पा तर अप्पा. कुणीतरी म्हणून आत जाता येत होतं.

त्यात एक सोयही होती. ताईचं जेवण कमी झालं होतं. पण अप्पा समोर बसले की ती ताट स्वच्छ करायची. तिची देखभाल करणाऱ्या मावशींनी हे हेरलं. मधल्या वारी ताईने तोंड फिरवलं की त्या म्हणायच्या, रविवारी अप्पा विचारतील हं. चार घास जास्त जायचे.

जेवता जेवता ती अप्पांकडे बारक्याच्या तक्रारी करायची. बारक्याने दप्तर मुद्दाम पाण्यात टाकलं आणि पडलं म्हणून सांगितलं. बारक्या अंधाराला घाबरतो, तुम्ही त्याला हसू नका. बारक्याला माझ्या वाटचं दूध दिलं, मला आवडत नाही म्हणून दिलं. तिला दूध आवडायचं, हे डागमास्तरांना माहीत होतं. वडिलांच्या खुर्चीत बसून स्वतःच्या लहानपणाबद्दल ऐकायची वेळ कुणावर सहसा येत नाही. ते ऐकून घ्यायचे आणि अप्पांसारखं हुं म्हणायचे.

असं वर्षभर चाललं. मग एकदा तिने चमचा ताटात ठेवला.

"अप्पा, बारक्या मला भेटायला का येत नाही?"

येईल, असं ते म्हणाले. मी त्याला काही बोलले असेन, ती म्हणाली, तुम्ही त्याला विचारा. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि या वेळी तिचे डोळे भरले होते.

बारक्याला घेऊन जायचं असं त्यांनी ठरवलं, त्याला एवढंच कारण होतं. कपाटात त्यांचा तिशीतला एक फोटो होता. त्यात केस काळेभोर आणि भांग डावीकडे. रंगाची डबी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली.

डबीवरच्या सूचना त्यांनी वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. अशा सूचना घरगुती माणसांसाठी सांभाळून लिहिलेल्या असतात, असं त्यांच्या धंद्यात धरून चालतात. सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ त्यांनी रंग डोक्यावर राहू दिला. शेवटी जे केलं ते मात्र दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. नव्या गडद कपड्याने पहिल्या धुण्यात रंग सोडू नये म्हणून ते तो आधी व्हिनेगरच्या पाण्यातून काढतात. आता त्यांना उशीच्या अभ्र्याची काळजी वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना लागलेला रंग बघितलेला माणूस. त्यांनी बादलीत पाणी घेतलं, व्हिनेगर ओतलं, आणि गुडघ्यावर बसून डोकं त्यात बुडवून ठेवलं. सकाळी अभ्र्यावर एक ठिपका नव्हता.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ताई खिडकीपाशी बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि अनोळखी माणसाशी वागावं तसं अदबीने विचारलं, कोण पाहिजे.

"ताई, मी. बारक्या."

तिने मावशींकडे बघितलं. मग डागमास्तरांची समजूत घालावी अशा आवाजात म्हणाली, "बारक्या एवढा आहे." हात तिने पलंगाच्या उंचीवर धरला होता.

पलंगाच्या उंचीचा बारक्या कुठल्याही डबीतून निघणार नव्हता, हे डागमास्तरांना तिथे उभं असताना कळलं. ते नेहमीच्या खुर्चीत बसायला गेले तेव्हा ती घाईने उठली. ती खुर्ची अप्पांची आहे, ते आता येतीलच, तुम्ही उगाच बोलणी खाल, असं तिने सांगितलं. ते बाहेर आले आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून ती मधूनमधून विचारत होती, अप्पा आले का. मावशी ताट घेऊन आत गेल्या आणि तसंच घेऊन बाहेर आल्या.

त्याच दिवशी घरी पोचल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. कपाळावर आणि कानांच्या पाळ्यांवर रंगाचे डाग होते. ते कोल्ड क्रीम लावून कापसाने पुसले, तेवढे निघाले. कातडीचं त्यांना नवल वाटलं नाही. कातडी रोज थोडी झडते, डाग तिच्याबरोबर जातो. केसाचं तसं नसतं. त्यांनी डोक्याला कोंड्याचा शाम्पू चोळला, त्यात खाण्याचा सोडा घातला, सोसेल इतकं गरम पाणी घेतलं. पाणी खाली मोकळं सोडलं नाही, बादलीत धरलं. धंद्यात पाणी वाचतात. पहिलं पाणी काळपट तपकिरी आलं आणि त्यांना हायसं वाटलं. दुसरं पाणी पातळ चहासारखं. तिसरं स्वच्छ. डोकं मात्र तसंच काळं. पाणी स्वच्छ आणि कापड काळं याचा अर्थ काय होतो ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वर होतं ते गेलं होतं. उरलेलं धाग्याच्या आत होतं, आणि ते त्यांनी स्वतः आत बसवलं होतं.

सोमवारी त्यांनी लॉन्ड्रीतून चिमूटभर पावडर घरी आणली. पण डोक्याला आतली शिवण नसते. म्हणून कंगव्यातले, उशीवरचे आणि न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस गोळा करून त्यांनी दोऱ्याने बारीक जुड्या बांधल्या आणि एकेक जुडी वेगळ्या वाटीत भिजत घातली. पावडरच्या वाटीतली जुडी ओल्या मातीच्या रंगाची झाली. ती त्यांनी बोटांत धरून ओढली तेव्हा जळलेल्या वातीसारखी तुटली. पावडर त्यांनी मोरीत सोडून दिली. दुसऱ्या वाटीत व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवल्या होत्या. ती जुडी जरा उजळली होती आणि ओढल्यावर टिकली होती. तिसऱ्या वाटीत कोमट तेल होतं. त्याने काही झालं नव्हतं, केस तेवढे मऊ झाले होते.

मग रोज कामावरून आलं की हेच. गोळ्या कुटायच्या, शाम्पूत कालवायच्या, डोक्याला फासायच्या, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहायचं. टपटप मानेवर गळायचं. दार कुणी वाजवेल अशी भीती नव्हती. ताई तिकडे राहायला गेल्यापासून ते दार मीटर बघणाऱ्याशिवाय कुणी वाजवलं नव्हतं.

बुधवारी मावशींचा फोन आला. त्या बोलायला सडेतोड आहेत. ताईने सोमवारपासून दोन-चार घासांवर काही खाल्लं नाही, असं त्यांनी सांगितलं. अप्पा आपल्यावर रागावले म्हणून आले नाहीत, अशी तिची समजूत झाली आहे. डॉक्टर म्हणतात अशीच राहिली तर नळी लावावी लागेल.

"मास्तर, ते काळं काढा आणि रविवारी अप्पा होऊन या. बाकी मला काही सांगू नका."

ते निघत नाहीये, असं त्यांनी सांगून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "तुमचा धंदाच तो आहे ना?"

फोन ठेवल्यावर त्यांनी शाम्पूत दुप्पट गोळ्या घातल्या, आणि सोडाही. उजव्या कानामागे चार बोटांची जागा उजळली. पांढरी झाली नाही, भाजलेल्या विटेसारखी झाली. इथे धंद्याची सवय आडवी आली. टेबलावर एखादी जागा फिकी पडली की तिची कड दिसते. ती दिसू नये म्हणून डागमास्तर ब्रश बाहेर बाहेर नेत जातात आणि फिकं गडदात मिसळून टाकतात. त्यांचं कसब म्हणतात ते हेच. कानामागची कड मोडायला ते वर सरकले. तिथे नवी कड तयार झाली. ती मोडायला आणखी वर. शुक्रवारपर्यंत उजवी बाजू सगळी विटकरी झाली होती, माथ्यावर तपकिरी पट्टे होते आणि डावीकडे काळं होतं. सोड्याने टाळू सोलवटली होती. उशीवर आता रंग नव्हता, पण पू आणि रक्ताचे बारीक ठिपके होते.

लॉन्ड्रीत हसणं केव्हाच थांबलं होतं. शुक्रवारी दुपारी प्रेसवाला त्यांच्या टेबलाशी आला. बराच वेळ त्याने बाटल्या बघितल्यासारखं केलं.

"मास्तर, कापड फाटतंय," तो म्हणाला. "आता सोडा."

शनिवारी ते सलूनमध्ये गेले. त्यांचे केस कापणारा न्हावी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलका. काळ्याचे पांढरे करून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक, असं तो म्हणाला. सगळ्या धंद्याची उलटी गंगा. मग त्याने टाळूवर बोट फिरवलं आणि त्याची चेष्टा संपली. ब्लीच करून वर पांढरा रंग देता येतो, पण या टाळूवर ब्लीच लावलं तर तुम्ही खुर्चीसकट रस्त्यावर पळाल, असं त्याने सांगितलं. जखमा भरेपर्यंत थांबा. डागमास्तर म्हणाले, उद्यापर्यंतच थांबता येईल.

न्हाव्याने त्यांचं डोकं दिव्याकडे वाकवलं आणि केस बाजूला करून दाखवले. मुळाशी आठवड्याभरात आलेलं पांढरं होतं, तांदळाच्या कणीएवढंही नाही. पांढरं हवं असेल तर एवढंच आहे, तो म्हणाला. मशीन लावू?

अप्पांच्या डोक्यावर शेवटपर्यंत भरघोस केस होते. आजारपणातही ते कंगवा मागायचे. डागमास्तरांनी आरशात बघितलं. विटकरी, तपकिरी आणि काळं. लाव, ते म्हणाले.

पांढऱ्या खुंटांचं डोकं घेऊन ते रविवारी बसमध्ये बसले. काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. सकाळी आरशात दिसलेला माणूस अप्पाही नव्हता आणि बारक्याही नव्हता. टाळूवरच्या खपल्यांमुळे तो नुकताच दवाखान्यातून सुटल्यासारखा दिसत होता. शेजारच्या बाईने मुलाला खिडकीकडे सरकवलं.

मावशी व्हरांड्यात होत्या. त्यांनी डोक्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि वाट दिली.

ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आठवड्यात तिचे गाल आत गेले होते. स्टुलावर झाकलेलं ताट होतं. तिने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, भीतीही नव्हती.

"कोण पाहिजे?"

"अप्पांनी पाठवलंय," डागमास्तर म्हणाले.

ती ताठ बसली. बसा म्हणाली. अप्पांची खुर्ची मात्र दाखवली नाही, कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं स्टूल दाखवलं. ते त्यावर बसले. रागावलेत का, असं तिने हलक्या आवाजात विचारलं. नाही, ते म्हणाले, काम फार आहे, दुसरी पाळीपण लागली आहे. ताट पूर्ण करायला सांगितलंय. तिने झाकण काढून आत बघितलं आणि ताट मांडीवर घेतलं. तुम्ही त्यांच्या गोदामावरच असता का, तिने विचारलं. हो म्हणाले. ती खायला लागली. दारात मावशी येऊन उभ्या होत्या, त्या पाठ फिरवून निघून गेल्या.

अर्धं ताट झाल्यावर ती थांबली.

"आमच्या घरी जाता कधी? बारक्या असतो तिथे."

"जातो."

"जेवतो का नीट?"

"जेवतो."

"एकटाच?"

डागमास्तरांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. मग ते म्हणाले, "हो. एकटाच."

"त्याला म्हणावं, रेडिओ लावून बसत जा," ताई म्हणाली. "नाहीतर घर खायला उठतं." आणि तिने ताट स्वच्छ केलं, बोटाने कडेपर्यंत, आणि अप्पांना सांगता यावं म्हणून त्यांच्यासमोर तिरकं करून दाखवलं.

जखमा भरल्या. केस वाढू लागले, सगळे पांढरे. दोन महिन्यांनी न्हावी म्हणाला की आता मशीनची गरज नाही, आणखी थोडे वाढू द्या, पहिल्यासारखे मागे फिरतील. डागमास्तरांनी मशीनच लावायला सांगितलं. आता दर पंधरा दिवसांनी ते जाऊन डोकं तसंच करून घेतात.

सगळी हकीकत कळल्यावर प्रेसवाल्याने एकदा त्यांना विचारलं होतं. केस वाढवले तर पुन्हा अप्पांच्या खुर्चीत बसता येईल, मग कोपऱ्यातल्या स्टुलावर कशाला? ते तेव्हा एका कोटाच्या बाहीवर काम करत होते. दोनदा औषध लागलेल्या कापडाला तिसऱ्यांदा हात लावायला आपण तयार नाही, एवढंच ते म्हणाले. खुर्ची मिळेल, पण बारक्याने रेडिओ लावून बसावं असा निरोप ताई अप्पांपाशी देणार नाही, हे काही ते बोलले नाहीत.

ताई त्यांना नावाने हाक मारत नाही. गोदामावरचे, असं मावशींना सांगते. दर रविवारी ती दोन निरोप देते, एक अप्पांना आणि एक बारक्याला, आणि गोदामावरचे ते ऐकून घेतात. पुढच्या रविवारपर्यंत ती दोन्ही विसरलेली असते. तरी ते उत्तरं घेऊन जातात.